मॉरोविंड आणि त्याच्या दोन पुरवण्या : पत्ता विचारत खेळायचा गेम

राखेचा_पाहुणा (धागाकर्ता)

माळा आवरताना एक वही सापडली. दोनशे पानी, कव्हरवर 'फिजिक्स, बारावी'. आत फिजिक्सची चार पानं. पाचव्या पानापासून हे असं:

"दक्षिणेकडून गावाबाहेर. नदीवरचा पूल. पाटी दिसेल, किल्ल्याकडे वळायचं. किल्ला मागे टाकून चढ. जुना ड्वेमर पूल. पलीकडे टेकाड. चाक फिरवल्याशिवाय दार उघडत नाही!! (दोन दिवस गेले.)"

हे मॉरोविंड. अख्खं नाव 'द एल्डर स्क्रोल्स ३ : मॉरोविंड', बेथेस्डा कंपनीचा कॉम्प्युटर गेम, मे २००२ चा. (ड्वेमर म्हणजे गेममधली एक लुप्त झालेली जमात.) मी खेळलो २००५ साली, मिरजेत. पुण्याच्या आतेभावाने आणलेल्या सीडीवर मार्करने नुसतंच 'मोरो' लिहिलं होतं. सीडी कसली होती हे वेगळं सांगायला नको. नोकरी लागल्यावर रीतसर विकत घेऊन ते पाप फेडलं आहे. घरच्या पीसीला १२८ एमबी रॅम, गेमला विंडोज एक्सपीवर हवी २५६. त्यामुळे दार उघडलं की पंख्याचा आवाज बदलायचा आणि मग पाच सेकंदांनी दारापलीकडचं गाव यायचं. वर भारनियमन. सेव्ह केलं नसेल आणि वीज गेली तर अर्धा दिवस पाण्यात. म्हणून वीज नसतानाच्या वेळात मी कंदिलापाशी बसून वहीत पत्ते उतरवायचो आणि आईला वाटायचं पोरगं अभ्यासाला लागलं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही कैदी. बोटीतून सेडा नीन नावाच्या दलदलीच्या बंदरात उतरवतात, कचेरीत नाव-गाव-जात लिहून घेतात आणि एक पाकीट देऊन सोडून देतात. बालमोरात कायस कोसाडेस म्हणून कुणी आहे, त्याला नेऊन द्या. बस. ना बाण, ना नकाशावर चमकता ठिपका. बालमोरा कुठे? विचारा. जायचं कसं? विचारा. गावाच्या टोकाला एक प्राणी उभा असतो, सिल्ट स्ट्रायडर. पिसवेच्या अंगाचा, पाय दोन मजल्यांहून उंच. त्याच्या कवचाचा भाग पोखरून आत बसायची जागा केलेली आणि गाडीवान आतल्या उघड्या मांसाला टोचून टोचून त्याला हाकतो. हीच तिथली एसटी. ठरलेले मार्ग, ठरलेले थांबे. सेडा नीनहून बालमोरा, विवेक, सुरान, ग्निसिस. मधे कुठे उतरायचं असेल तर पायी.

आणि कायस कोसाडेस? सम्राटाचा त्या मुलखातला मुख्य हेर. दार उघडावं तर एका खोलीत उघडाबंब म्हातारा, शेजारी नशेची चिलीम. मी चुकीच्या घरात शिरलो असं वाटून बाहेर येऊन पत्ता परत वाचला होता.

मला या गेमबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे. यात कुणीही तुम्हाला ठिकाण दाखवत नाही, सांगतं. "नदी उजव्या हाताला ठेवून वर जा, दोन दगडांच्या मधून वाट आहे." आपल्याकडे 'वडाच्या झाडापाशी डावीकडे' सांगतात, तसंच. सांगणारा कधी चुकतो, कधी अर्धवट सांगतो. पण त्यामुळे तुम्ही झाड बघता, दगड बघता, नदी कुठल्या हाताला आहे बघता. व्हार्डनफेल बेट मला अजून पाठ आहे. पुढचे किती गेम खेळलो, त्यातलं एक गावही आठवत नाही, कारण तेव्हा मी गाव बघत नव्हतो, कोपऱ्यातला बाण बघत होतो.

एक नमुना सांगतो. सेडा नीनहून एसटी न घेता चालत निघालात तर थोड्या अंतरावर वरून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार आभाळातून तुमच्यासमोर धप्पकन पडून मरतो. टारहिएल. खिशात त्याची डायरी आणि तीन गुंडाळ्या. गुंडाळी वाचली की ॲक्रोबॅटिक्स कौशल्य १००० ने वाढतं, सात सेकंदांपुरतं. उडी मारता येते अर्ध्या बेटापलीकडे; उतरेपर्यंत ते सात सेकंद संपलेले असतात. टारहिएलने हाच हिशेब केला नव्हता. आपण करायचा: एक गुंडाळी उडायला, दुसरी जमीन जवळ आल्यावर. मी पहिल्यांदा अर्थातच टारहिएलच्या शेजारी जाऊन पडलो. याचा ना कुठला क्वेस्ट (नेमून दिलेलं काम), ना बक्षीस. रस्त्याने गेलात तर दिसेल, नाहीतर नाही.

आता पुरवण्या. (डीएलसी, म्हणजे इंटरनेटवरून उतरवायची जोड, हा शब्द तेव्हा आमच्या कानावर नव्हता. सीडीवर यायच्या, आणि पेपरातली पुरवणी जड असावी तशा जड असायच्या.)

ट्रिब्युनल, नोव्हेंबर २००२. मुख्य गेमनंतर जेमतेम सहा महिन्यांनी. यात मॉर्नहोल्ड ही राजधानी येते. आणि इथेच माझा जीव गुदमरतो. मॉर्नहोल्ड तटबंदीच्या आत आहे, बाहेर पडताच येत नाही. जादूने जाता-येता, चालत नाही. मुख्य गेममध्ये हवेत तरंगायची विद्या इतकी साधी की टेलव्हानी जादूगारांच्या अळंबीच्या मनोऱ्यांत जिनेच नाहीत, तरंगता येत नसेल तर भेटायला येऊ नका असा त्यांचा खाक्या. तीच विद्या मॉर्नहोल्डमध्ये बंद. कारण तट ओलांडून वर गेलात तर पलीकडे काहीच बांधलेलं नाही. पत्ता विचारायची मजा काय राहणार, चार पेठा आणि खाली गटारं?

ब्लडमून, २००३. सोल्स्थाइम हे उत्तरेचं बर्फाळ बेट. इथे परत जमीन मिळते, हवा मिळते, वाट चुकायची सोय मिळते. आणि रेव्हन रॉक! 'ईस्ट एम्पायर कंपनी' इथे काळ्या इबनी खनिजाची खाण काढते आणि तिच्याभोवती गाव वसवते. हे गाव तुमच्यासमोर उभं राहतं. आधी उजाड किनारा. काही काम करून द्या, चार-पाच दिवसांनी परत या, एक घर उभं. पुन्हा या, तर खाणीला तोंड फुटलेलं. दुकानात व्यापारी आणायचा की लोहार, हे तुम्ही ठरवायचं. शेवटी तुमचं स्वतःचं घर. मी गावाच्या वेशीवर थांबून थांबून दिवस घालवले आहेत, नुसतं काय बांधलंय बघायला. मधे बेटावर फिरताना लांडगामाणसांपासून जपा. त्यांचा रोग जडला आणि तीन दिवसांत उतारा घेतला नाहीत तर रात्री तुमचाच लांडगा होतो, आणि तो होताना कुणी पाहिलं तर नंतर माणसात आल्यावरही लोक मारायला धावतात.

तर माझा कौल : ब्लडमून पहिला, ट्रिब्युनल फार मागे दुसरा. भांडायला या.

---

सोनचाफा_८४

अहो, कुठल्या जखमेवर बोट ठेवलंत! मी मराठी माध्यमातली. माझं इंग्रजी वाचन या गेमने सुधारलं, हे मी मुलाखतीत सांगितलं नाही इतकंच. यात बोलकी पात्रं जवळजवळ नाहीतच, सगळं लिहिलेलं. शब्दावर क्लिक करा, अजून परिच्छेद. शेजारी डिक्शनरी घेऊन बसायचे.

तुम्ही वाटा सांगितल्यात, मी पुस्तकांबद्दल सांगते. नेरेवार, तिथला पुराणातला वीर, कसा मेला? मंदिराची पोथी एक सांगते, राखेच्या माळावरच्या भटक्या टोळ्या दुसरंच सांगतात, आणि स्वतः विवेकला (तिथल्या तीन जिवंत देवांपैकी एक, त्याच्याच नावाचं ते शहर) विचारलं तर तो तिसरं. गेम शेवटपर्यंत निवाडा देत नाही. बखरीत एक, दप्तरात दुसरं आणि घराण्यात सांगितलं जातं ते तिसरं, असा आपल्याकडे रोज चालणारा वाद. आपण नेरेवारचा पुनर्जन्म आहोत का, हेसुद्धा पक्कं नाही. एका गुहेत आधीचे 'नेरेवारीन' (नेरेवारचा पुनर्जन्म मानले गेलेले) भेटतात, ज्यांना सगळी लक्षणं लागू पडली होती आणि तरी जमलं नाही. अंगावर काटा येतो तिथे.

आणि विवेक! नाव वाचून मी आधी खूप हसले होते. चि. विवेक. मग तो दिसला : पद्मासनात, जमिनीपासून वर तरंगत, अर्धं अंग सोनेरी, अर्धं राखाडी. शाळेत असताना पाहिलेली अर्धनारीश्वराची मूर्तीच आठवली. नावाचा आपल्या विवेकाशी संबंध आहे की नाही देव जाणे, मूर्तीचं मात्र कुणीतरी नीट पाहिलेलं वाटतं. अल्मालेक्सिया, सोथा सिल, विवेक, तिघांची आद्याक्षरं जोडून 'अल्मसिवी', हा तिथला जप. त्रिमूर्तीच की.

---

कट्ट्यावरचा_बाळ्या

नॉस्टॅल्जियाचा चश्मा काढा हो. मी मागच्या वर्षी सेलमध्ये घेतला. पहिल्याच तासात एका खेकड्यावर बारा वेळा तलवार चालवली, डोळ्यांना दिसतंय की तलवार खेकड्यातून आरपार जातेय, आणि लागत नाही! खेकड्याने मला मारलं. खेकड्याने! चालायचा वेग असा की घरून ऑफिसला चालत गेलो असतो तर आधी पोचलो असतो. धुक्यात दहा पावलांपलीकडे दिसत नाही. याच मालिकेतला पुढचा स्कायरिम या सगळ्याचा बाप आहे.

आणि ते पत्ता विचारणं वगैरे ठीक आहे बारावीत. मला रात्री पोरं झोपल्यावर दीड तास मिळतो. तो रस्ता चुकण्यात घालवू?

---

राखेचा_पाहुणा

@सोनचाफा_८४, बखरीचं एकदम पटलं. माझ्या वहीत 'नेरेवारला कुणी मारलं' असं पान आहे, खाली तीन रकाने, चौथा रिकामा.

@बाळ्या, चालण्याचा वेग आणि धुकं, दोन्ही मान्य. सुरुवातीला आपण कवळी हरवलेल्या आजोबांसारखे चालतो.

खेकड्याचं मात्र तुमचं चुकलं. इथे तलवार लागते की नाही हे डोळे ठरवत नाहीत, मागे फासे पडतात. तुमचं त्या शस्त्रातलं कौशल्य, चपळाई, नशीब, आणि मुख्य म्हणजे खालची हिरवी पट्टी. ती दमाची. पळत गेलात की ती रिकामी, आणि दमलेल्या माणसाचा वार लागत नाही. नवीन माणूस हमखास हेच करतो : खेकडा दिसला की धावत सुटतो.

खेळणाऱ्याने काय करावं : रेडगार्ड जात, लढाईकडे कल असलेला वर्ग, लाँग ब्लेड हे मुख्य कौशल्य. मुख्य कौशल्याला ३०, जातीचे १५, कलाचे ५, असं ५० वर सुरू होतं. हातात लांब तलवारच ठेवायची, सापडला म्हणून कुऱ्हाड घ्यायची नाही. आणि भांडणाच्या आधी दहा पावलं चालत जायचं. खेकडा मरतो, शब्द देतो.

दीड तासाचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या घरीही हाच प्रश्न विचारला जातो.

---

तिरफळ

ट्रिब्युनलला दुसरा नंबर? तोही 'फार मागे'? आलेच भांडायला.

एक. तुम्ही ज्या वहीचं कौतुक करताय ती ट्रिब्युनल आल्यावर निम्मी अनावश्यक झाली. मूळ गेममधली रोजनिशी म्हणजे तारखेनुसार एकाखाली एक नोंदी. शंभर पानांनंतर कुणी काय काम सांगितलं होतं ते शोधताना डोळे जायचे. कामवार नोंदी बघायची सोय ट्रिब्युनलने आणली. ब्लडमूनचं गाव वसवताना तुम्ही तीच वापरलीत.

दोन. गोष्ट. (पुढे रहस्यभेद आहे, न खेळलेल्यांनी हा परिच्छेद सोडा.) मुख्य गेममध्ये तीन देव दुरून दिसतात, ट्रिब्युनलमध्ये ते जवळून दिसतात, आणि जवळून बघण्यासारखे नाहीत. अल्मालेक्सिया, जिला सगळे माउली म्हणतात, ती चिडली म्हणून ड्वेमरांचं हवामानाचं यंत्र चालू करायला लावते आणि स्वतःच्याच शहरावर राखेची वादळं सोडते. लोक घाबरले तर पुन्हा देवळात येतील म्हणून. मग सोथा सिलच्या यंत्रनगरीत जायचं. इतका वेळ ज्याला खलनायक म्हणत होतो तो तारांना लटकलेला प्रेत होऊन भेटतो. आवाज नाही, भाषण नाही. मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले होते.

तीन. नाटक! बाजारपेठेत नाटक मंडळी आली आहे, प्रमुख भूमिकेचा नट नाही, आणि व्यवस्थापक तुम्हालाच पकडतो. हातात संहिता. ती खरंच पाठ करावी लागते, कारण प्रयोगात समोर तीन-चार वाक्यं येतात आणि बरोबर तेच निवडायचं. चुकलं की प्रेक्षक नाराज. हौशी नाटकात ऐनवेळी बदली म्हणून उभं राहिलेल्या माणसाला ही भीती ओळखीची आहे. मी आहे तशी. घामच फुटला होता मला, की-बोर्डापुढे.

तटबंदीचं तुमचं खरं आहे. पण शहरात राहणाऱ्या माणसांनाही गोष्टी असतात.

---

जुना_पेंटियम

तिरफळ यांना +१, पण ट्रिब्युनलचा एक दोष तुम्ही दोघेही विसरलात. पुरवणी बसवली की पहिल्याच झोपेत डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या टोळीतला एक मारेकरी अंगावर येतो. तुम्ही पहिल्या पातळीवर असा की विसाव्या, त्याला सोयरसुतक नाही. सेडा नीनमध्ये उतरलेला, हातात गंजका खंजीर, दमून जरा आडवा झाला की खलास. आणि जिंकलात तर अजून वाईट : मारेकऱ्याच्या अंगावरचं चिलखत इतकं महाग की ते विकून तिसऱ्या दिवशी तुम्ही श्रीमंत. दोन्हीकडून गेमचा पहिला भाग बिघडतो. हा मारेकरी उशिरा यावा म्हणून लोकांनी मॉड (खेळणाऱ्यांनीच केलेले गेममधले बदल) लिहिले आहेत. आज कुणी नव्याने बसवत असेल तर आधी ते टाका.

जाता जाता, आज खेळायचा कसा हे कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मूळ गेम दोन्ही पुरवण्यांसकट एकत्र मिळतो, 'गेम ऑफ द इयर' आवृत्ती म्हणून. सेलमध्ये चहा-वडापावच्या भावात. तो घ्या आणि वर ओपनएमडब्ल्यू टाका. हा वेगळा गेम नाही, हे इंजिन आहे : स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेलं, मुक्तस्रोत. २००८ पासून काम चालू आहे. गेमचा माल मूळ सीडीचाच लागतो, फक्त तो चालवणारं यंत्र नवीन. लिनक्सवर चालतं. बाळ्या ज्या धुक्याला वैतागले ते यात मागे सारता येतं, पार रेड माउंटन डोंगरापर्यंत दिसतं. माझं मत विचाराल तर थोडं धुकं ठेवा. सगळं लख्ख दिसलं की बेट किती लहान आहे ते कळतं. चालायचा मंद वेग आणि धुकं या दोघांनी मिळून ते मोठं केलेलं आहे.

बेथेस्डाने तेव्हा काही छोटे प्लगइन फुकट वाटले होते, तेही शोधा. बाणांचा मारा, गावातले कलावंत, फायरमॉथ बेटाचा वेढा वगैरे. फुकट! चारच वर्षांनी याच लोकांनी पुढच्या भागात घोड्याच्या चिलखताचे अडीच डॉलर मागितले.

---

डसेलडॉर्फचा_डबा

आम्ही एक्सबॉक्सवाले. तेव्हा शिकायला बाहेर होतो, पीसी घ्यायला पैसे नव्हते, रूममेटचा एक्सबॉक्स होता. कधीकधी लोडिंगचा पडदा इतका लांबायचा की आम्ही तेवढ्यात मॅगी करून आणायचो. पुढे गेम बनवणाऱ्यांचा प्रमुख टॉड हॉवर्ड याने स्वतःच सांगितलं की मेमरी कमी पडली की गेम त्या पडद्यामागे चक्क एक्सबॉक्स बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि आपल्याला फक्त लोडिंगचा पडदा दिसायचा. हे वाचलं आणि मला ती सगळी मॅगी आठवली.

रेव्हन रॉकवरून एक शंका. आपल्या माणसाला 'ईस्ट एम्पायर कंपनी' या नावावरूनच खटकायला नको का? बाहेरून येऊन खाण काढते, कोठी उघडते, शिपाई ठेवते. मी मोठ्या उत्साहाने त्यांची वखार बांधून दिली, आणि अर्ध्यात ध्यानात आलं की मी कुणाचं काम करतोय.

---

सोनचाफा_८४

डबा यांना अनुमोदन. आणि गंमत म्हणजे गेम तुम्हाला हे विसरू देत नाही. मुख्य बेटावर जाल तिथे लोक तुम्हाला 'आउटलँडर' म्हणून हिणवतात. उपरा. साम्राज्याच्या बोटीतून आलेला. आणि त्यांना शहाणं म्हणावं तर तेच गुलाम पाळतात. सेडा नीनजवळच्या पहिल्याच गुहेत हातात कडी अडकवलेले गुलाम आहेत. किल्ली डाकूंकडे. मी त्यांना सोडवलं, आणि काही झालं नाही. आभार मानून निघून गेले. मला वाटलं होतं कुणीतरी काहीतरी देईल. बऱ्याच तासांनंतर वेगळ्याच गावात कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं की गुलाम सोडवणारी तूच का. चुपचाप चालणारी एक संघटना आहे, तिच्यापर्यंत बातमी पोचलेली.

---

उंडगा_बोका

वाचनखूण साठवली. मी २००३ चा. म्हणजे जन्म. हा धागा वाचून काल रात्री बसवला, ओपनएमडब्ल्यू वगैरे सगळं. रेडगार्ड घेतला. खेकडा मेला!! (चालत गेलो.) टारहिएल पडला, मी हसलो, मग गुंडाळी वाचून मीही पडलो. माहीत असूनही.

कायसने हासफाट नावाच्या माणसाकडे पाठवलं, त्याला कसला तरी ड्वेमर ठोकळा हवाय, आर्कंगथांडच्या पडक्या अवशेषांतून. हीच ना ती वहीतली वाट? पूल सापडला. नंतर नक्की कुठे? यूट्यूबवर बघू का?

---

राखेचा_पाहुणा

यूट्यूबवर बघितलंस तर या धाग्यावर येऊ नकोस.

पूल ओलांडलास ना? मग पाठीमागे वळून एकदा पूल बघ, म्हणजे परत येताना ओळखशील. आता टेकाड चढ. वर मोडके मनोरे, पितळी नळ आणि आजूबाजूला काही माणसं दिसतील, ती चांगली नाहीत. एक गोल मोठं दार दिसेल, कातळासारखं. त्यावर क्लिक करत बसू नकोस, मी दोन दिवस केलं. दाराकडे पाठ कर आणि नळ बघ.

@तिरफळ, नाटकाचं मी साफ विसरलो होतो. माझा त्या प्रयोगात पार फज्जा उडाला होता, बहुधा म्हणूनच विसरलो. 'फार मागे' मागे घेतो. दुसरा नंबर मात्र कायम.

---

तिरफळ

घेतलंत ना मागे? झालं. आता त्या पोराला मारेकऱ्याचं कुणी सांगितलंय का?

---

कट्ट्यावरचा_बाळ्या

काल परत लावला. शब्दाला जागून चालत गेलो. खेकडा मेला. एक तास वीस मिनिटं खेळलो, त्यातला एक तास बालमोरात कायसचं घर शोधण्यात. बायको म्हणाली, एवढा वेळ काय करतोयस, म्हटलं एकाचा पत्ता शोधतोय. ती म्हणाली फोन कर.

स्कायरिमच चांगला.

---

उंडगा_बोका

नळ! नळावर चाक होतं! दार उघडलं!

आता आत आहे. दोन तास. डाकू संपले, गंजकी यंत्रं संपली, खालचे सगळे मजले पालथे घातले. तिजोऱ्या, पेट्या, प्रेतं, सगळं उघडून बघितलं. ठोकळा नाही. केवढा आहे तो? दमलोय, इथेच कोपऱ्यात जरा झोपून घेतो, मग बघतो.

---

जुना_पेंटियम

झोपू नकोस!

---

राखेचा_पाहुणा

अरे झोपू नकोस, मॉड टाकलास का?

आणि ठोकळा मुठीएवढा आहे. पेटीत नाही. दाराजवळच्या वरच्या खोल्यांत परत जा आणि शेल्फ बघ.

---

उंडगा_बोका

मेलो. काळे कपडे घातलेला माणूस, झोपेतच. शेवटचं सेव्ह पुलावर होतं.

पुलावरून निघालोय परत. वाट पाठ झालीये.